त्याच माणसाकडे दोन वर्षांनी परत जायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २९ सप्टेंबरच्या, म्हणजे जागतिक हृदय दिनाच्या आसपास गावोगावी तपासणी शिबिरे भरतात. एका टेबलावर बीपीचे यंत्र, शेजारी ग्लुकोमीटर, बाहेर रांग. दुसऱ्या दिवशी बातमी येते: इतक्या जणांची तपासणी, त्यांतल्या इतक्यांना उच्च रक्तदाब. शिबिरांना आमचा विरोध नाही. ज्याला आपला वरचा बीपी १८० आहे याची कल्पनाच नव्हती, त्याला ते तिथे कळले तर शिबिराचा दिवस सार्थकी लागला. आमचा आक्षेप पुढच्या वाक्याला आहे. या आकड्यांवरून ‘जिल्ह्यात हृदयविकार वाढला’, ‘तरुणांना विळखा’ असे निष्कर्ष काढले जातात, आणि ते तसे काढता येत नाहीत. शिबिरात अंश मिळतो, छेद मिळत नाही; म्हणजे आजारी किती निघाले ते कळते, पण एकूण किती लोकांपैकी, ते कळत नाही. आले कोण? ज्यांना वेळ होता आणि ज्यांना आधीच शंका होती ते. मजुरीला गेलेला आला नाही, अंथरुणाला खिळलेला येऊ शकला नाही. आणि आलेल्यांचे पुढे काय झाले हे कोणालाच ठाऊक नसते, कारण त्यांच्याकडे परत कोणी जात नाही.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमचे मोठेपण नेमके या परत जाण्यात आहे. बॉस्टनच्या पश्चिमेला वीसेक मैलांवरचे हे गाव, त्या वेळची वस्ती सुमारे २८ हजार. १९४८मध्ये तिथे सुरू झालेल्या हृदयविकाराच्या पाहणीची पार्श्वभूमी लक्षात घेण्यासारखी आहे. १२ एप्रिल १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब वरचा ३००च्या पुढे आणि खालचा १९० नोंदवला गेला. कित्येक वर्षे तो चढत होता, पण वयानुसार बीपी वाढायचाच, असे तेव्हाचे नामवंत डॉक्टरही मानत. ‘शंभर अधिक वय’ हा आडाखा आजही आपल्याकडे घराघरांत ऐकू येतो. तो चूक आहे, हे ज्या पाहण्यांनी आकड्यांनिशी दाखवले त्यांत फ्रॅमिंगहॅमचा वाटा फार मोठा आहे.

तिथली पद्धत अशी होती. गावातल्या प्रौढांच्या यादीतून ६,५०७ जणांचा नमुना काढला. त्यांतले ४,४६९ आले, म्हणजे शेकडा ६९. संख्या कमी पडत होती म्हणून आपणहून पुढे आलेले ७४० जण त्यांत मिळवले आणि ५,२०९चा आकडा पूर्ण केला. ही ७४०ची भर अभ्यासकांनी लपवली नाही, उघडपणे नोंदवून ठेवली, याचे आम्हाला विशेष वाटते. आपणहून येणारा माणूस बहुधा तब्येतीला जपणारा असतो आणि बोलावूनही न येणारा बहुधा जास्त आजारी. हे दोन गट सारखे धरले की पुढची सगळी टक्केवारी वाकडी होते. आलेल्या प्रत्येकाची दर दोन वर्षांनी तीच तपासणी: वजन, रक्तदाब, ईसीजी, रक्त, सवयींची चौकशी. पाहणीतले डॉक्टर स्वतः उपचार करत नसत. निष्कर्ष त्या माणसाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवत. त्यामुळे गावातले डॉक्टर पाहणीच्या विरोधात गेले नाहीत. पहिल्या पिढीच्या अशा ३२ फेऱ्या झाल्या.

दोन वर्षांनी ईसीजी पुन्हा काढल्यामुळे काय हाती लागते याचे एकच उदाहरण पुरे. त्या पाहणीत नोंदलेल्या हृदयविकाराच्या झटक्यांपैकी पावपेक्षा जास्त झटके केवळ पुढच्या फेरीतल्या ईसीजीवरून उघड झाले. रुग्ण दवाखान्यात गेलाच नव्हता. कोणी पित्त समजले होते, तर कोणाला काही जाणवलेच नव्हते. रुग्णालयाच्या दप्तरावरून केलेल्या कोणत्याही अभ्यासात ही माणसे सापडली नसती.

विल्यम कॅनेल आणि थॉमस डॉबर यांच्या चमूने १९६१मध्ये सहा वर्षांच्या पाठपुराव्याचा लेख प्रसिद्ध केला आणि ‘जोखीम घटक’ (आजाराची शक्यता वाढवणारी गोष्ट) हा शब्द वैद्यकाच्या रोजच्या बोलण्यात रुळला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा एकमेकांत गुंतलेला परिणाम सुटा करून पाहण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफिल्ड यांनी जे गणित बसवले, ते आज प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रबंधांत वापरले जाते. पुढे १९७१मध्ये मुलांची आणि त्यांच्या जोडीदारांची पिढी घेतली (५,१२४), २००२मध्ये नातवंडांची (४,०९५). गावात आशियाई, कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वस्ती वाढली तेव्हा १९९४मध्ये त्यांचा वेगळा गट सुरू केला.

आता याचा आपल्याशी संबंध. हृदयरोगतज्ज्ञ वय, वरचा बीपी, एकूण आणि चांगले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह एवढे भरून ‘दहा वर्षांतला धोका अमुक टक्के’ असे सांगतात, ते गणित बहुतेक वेळा फ्रॅमिंगहॅमचे किंवा त्याच घराण्यातले असते. कोणाला धोका जास्त आणि कोणाला कमी, ही क्रमवारी ते बऱ्यापैकी लावते. टक्केवारीचे मात्र तसे नाही. २००१मध्ये हे गणित अमेरिकेतल्याच सहा निरनिराळ्या पाहण्यांवर लावून पाहिले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांत ते चांगले जुळले. जपानी वंशाच्या आणि हिस्पॅनिक पुरुषांत, तसेच मूळनिवासी स्त्रियांत त्याने धोका फुगवून दाखवला. दुरुस्तीचा मार्गही तिथेच सांगितला आहे: प्रत्येक घटकाचे वजन तेच ठेवायचे, पण त्या घटकांची स्थानिक सरासरी आणि स्थानिक लोकांत झटक्याचे प्रत्यक्ष प्रमाण, हे दोन आकडे बदलायचे. यातला दुसरा आकडा पाठपुराव्याशिवाय मिळतच नाही. क्यूरिस्क या धोका मोजण्याच्या ब्रिटनमधल्या गणितात ‘भारतीय’ असा वेगळा वंशगट आहे, पण तो ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयांच्या दवाखान्यांतल्या नोंदींवरून आलेला. तो औसा किंवा साक्री तालुक्यातल्या शेतकऱ्याला जसाच्या तसा कसा लावायचा?

भारतीयांना झटका लवकर येतो, हे विधानही असेच तपासून घ्यावे लागते. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांचे पहिल्या झटक्याच्या वेळचे सरासरी वय ५३ आले, इतर देशांत ५८.८. आकडा खरा आहे, आणि तरुण वयातच जोखीम घटक जास्त असणे हे त्याचे दिलेले कारणही पटण्याजोगे आहे. तरीही तो रुग्णालयात पोचलेल्या रुग्णांचा अभ्यास होता. जिथे लोकसंख्याच तरुण, तिथे कोणत्याही आजाराच्या रुग्णांचे सरासरी वय थोडे खाली येणारच. चाळिशीतल्या दर हजार माणसांमागे वर्षाला किती जणांना झटका येतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी आधी ते हजार जण धरून ठेवावे लागतात.

हे इथे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या मुंबई कोहॉर्ट स्टडीने १९९१ ते १९९७ या काळात मतदार याद्या घेऊन घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरच्या १,४८,१७३ मुंबईकरांची नोंद केली आणि पाच-सहा वर्षांनी त्याच घरांचे दरवाजे पुन्हा ठोठावले. तंबाखू खाणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या स्त्रियांतही मृत्यूचे प्रमाण जास्त आहे, आणि फार कृश माणसेही लवकर मरतात, हे त्यातून दिसले. उच्चभ्रू वसाहतींत प्रवेश मिळणे कठीण म्हणून त्या वगळाव्या लागल्या. तेही त्यांनी लिहून ठेवले आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३पासून गरोदरपणाआधीच बायकांची नोंद सुरू केली. त्या बायकांचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे हातापायांनी काटकुळी, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. ‘दिसायला बारीक, आतून लठ्ठ’ हे आपल्या शरीराचे वैशिष्ट्य जन्मापासूनचे आहे, हे या गावांतून कळले. बाळे सहा वर्षांची झाल्यावर पाहिले तेव्हा गरोदरपणी रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व जास्त आणि बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असलेल्या आयांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचा दोष सर्वाधिक होता. हे सगळे पुन्हा पुन्हा त्याच घरी गेल्यामुळे हाती आले.

म्हणून आमची मागणी: एका ग्रामीण आणि एका निमशहरी तालुक्यात मिळून तिशीच्या पुढचे पाच हजार स्त्री-पुरुष, दर दोन वर्षांनी तीच तपासणी, किमान वीस वर्षे. पाच हजारच का, तर समजा दर हजारी वर्षाला पाच जणांना झटका किंवा पक्षाघात होतो असे धरले, तर वर्षाला २५ आणि दहा वर्षांत २५० घटना हाती येतात. स्त्री-पुरुष आणि वयोगट वेगळे करायचे म्हटले की एवढ्या घटना लागतातच. दरवर्षी फक्त शेकडा तीन माणसे हातची सुटली, तरी दहा वर्षांत पावपेक्षा जास्त यादी गळते आणि वीस वर्षांत जेमतेम निम्मी उरते. मग आकडे कितीही सफाईने मांडा, उपयोग नाही.

यात काय बिघडते हे मोजमापापासून सांगायला हवे, कारण बहुतेक पाहण्या तिथेच फसतात.

रक्तदाब मोजण्याआधी माणूस पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसलेला हवा. अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन आलेला असावा. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा. तो दहा सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर सात-आठ अंक फुकट वाढतात. मोजताना गप्पा चालल्या तर आणखी दहाएक. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यातल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी जास्त दिसतो, हे पुष्कळांना माहीत असते. उलट बाजू विसरली जाते. बाजारातला नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. चाळीस-बेचाळीस किलोच्या बाईचा दंड २० किंवा २१ भरतो. तिला तोच पट्टा गुंडाळला की बीपी कमी दिसतो आणि ती ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते. पथकाकडे तीन मापांचे पट्टे हवेत आणि कोणता वापरला ते फॉर्मवर लिहिलेले हवे.

एक-दोन मिनिटांच्या अंतराने तीन वेळा मोजावे, पहिला आकडा सोडून उरलेल्या दोनांची सरासरी घ्यावी. हाताने मोजायचे यंत्र असेल तर हवा सेकंदाला दोन अंक याच वेगाने सोडावी. पर्यवेक्षकाने आठवड्याच्या शेवटी फक्त शेवटचा अंक पाहावा. अशा यंत्रावर ०, २, ४, ६, ८ हे अंक साधारण सारखे, म्हणजे प्रत्येकी शेकडा २० यायला हवेत. निम्म्याहून जास्त आकडे शून्यावर संपत असतील, १२०, १३०, १४० असे, तर मोजणारा अंदाजाने लिहितो आहे. त्याला रागावून काही होत नाही, पुन्हा शिकवावे लागते. डिजिटल यंत्राने हा दोष जातो, पण नाडी अनियमित असेल तर तेही चुकते. म्हणून आधी मनगट धरून नाडी पाहायची.

एकदाच मोजून शिक्का मारण्यातला धोका आणखी आहे. शिबिरात १५०च्या वर निघालेल्यांना महिन्याने परत मोजले, तर काहीही न करता त्यांची सरासरी खाली येते, कारण त्या दिवशी योगायोगाने चढलेले आकडेच आपण निवडलेले असतात. मधल्या महिन्यात कोणी काढा दिला असेल तर श्रेय काढ्याला जाते. एकाच मोजणीवर विसंबले की रक्तदाब आणि झटका यांचे नाते प्रत्यक्षापेक्षा फिके दिसते. ती चूक दुरुस्त करण्यासाठी जगभरच्या अभ्यासकांना फ्रॅमिंगहॅमच्याच वारंवार घेतलेल्या नोंदी कामी आल्या.

कमरेचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, त्वचेवर टेप ठेवून घ्यायचा. आपल्याकडे निऱ्या किंवा परकराची नाडी नेमकी त्याच जागी असते, म्हणून साडीवरून टेप फिरवला जातो आणि चार-पाच सेंटिमीटर सहज वाढतात. आपल्या लोकांसाठी मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८०; त्यात पाचाची चूक म्हणजे निदानच बदलले. आडोसा आणि मोजायला बाई, एवढी सोय केली तर कोणी नकार देत नाही.

साखरेचे रक्त साध्या बाटलीत घेऊन दुपारपर्यंत तसेच ठेवले तर रक्तपेशी ती साखर खात राहतात. साधारण तापमानाला तासाला शेकडा पाच ते सात या गतीने ती उतरते, उन्हाळ्यात आणखी भरभर. सकाळी आठला घेतलेला १३०चा नमुना बाराला तपासला तर १००च्या आसपास दाखवील आणि मधुमेही माणूस निरोगी ठरेल. राखाडी बुचाच्या फ्लोराइडच्या बाटलीनेही पहिल्या तास-दोन तासांतली घट पूर्ण थांबत नाही. नमुना लगेच बर्फात ठेवून अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरवून रक्तपेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात, फिरवणे हाच उपाय, म्हणजे गावातच यंत्र आणि वीज हवी. उरलेला रक्तद्रव (प्लाझ्मा) उणे ८० अंशांवर साठवावा. पंधरा वर्षांनी कोणती नवी चाचणी निघेल ते आज कोणाला सांगता येणार?

प्रश्नावली इंग्रजीतून उतरवून चालणार नाही. २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. ‘सिगारेट ओढता का?’ विचारले तर पाव महाराष्ट्राची तंबाखू नोंदीतून निसटेल. ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा? चुना-तंबाखू? गुटखा, मावा?’ असे नाव घेऊन विचारावे लागते. सासूसमोर सून मिश्रीबद्दल खरे सांगत नाही, म्हणून तिला एकटीला विचारायचे. मिठाचा अंदाजही ‘किती खाता’ विचारून येत नाही. घरात महिन्याला मीठ किती किलो येते, खाणारी तोंडे किती, लोणचे-पापड किती, यावरून तो जवळपास जातो.

पाठपुराव्याचे वेळापत्रक पंचायत कार्यालयाच्या सोयीने ठरवू नये. बीड, नगरकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तिथे डिसेंबरात फेरी ठेवली तर गावातले सगळ्यांत कष्टकरी लोक यादीतून जातात आणि उरलेल्यांची सरासरी गावाची म्हणून छापली जाते. तिथे फेरी मे महिन्यातच हवी. नोंदीत माणसाच्या फोनबरोबर दोन नातेवाइकांचे फोन हवेत, त्यांतला एक दुसऱ्या गावचा.

आणि शेवटी मृत्यू. फ्रॅमिंगहॅममध्ये प्रत्येक मृत्यूचे आणि झटक्याचे कागद डॉक्टरांची एक समिती ठरलेल्या निकषांवर तपासत असे. आपल्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे एक-पंचमांश मृत्यूंनाच डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण जोडलेले असते, आणि त्यातही ‘हार्ट फेल’ किंवा ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ (हृदय आणि श्वास थांबणे) लिहिलेले पुष्कळ. हृदय तर प्रत्येकाचेच थांबते. ते कारण नव्हे. म्हणून घरी जाऊन विचारावे लागते. तेराव्याच्या आत जाऊ नये, आणि फार महिनेही घालवू नयेत, आठवण पुसट होते. शेवटच्या दिवसांत जो जवळ होता त्यालाच विचारावे: छातीत दुखले का, कुठपर्यंत गेले, दरदरून घाम आला का, दुखायला लागल्यापासून किती वेळात गेले, एक बाजू लुळी पडली होती का, तोंड वाकडे झाले का, आधी कोणत्या गोळ्या चालू होत्या. गोळ्यांची पाकिटे आणि जुना ईसीजी घरात असेल तर फोटो घ्यावा. दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता कारण ठरवावे, मतभेद झाला तर तिसऱ्याने.

पैशाचा प्रश्न येणारच. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सरकारनेही ‘वीस वर्षे झाली, आता पुरे’ म्हणून फ्रॅमिंगहॅमचा निधी थांबवायचे ठरवले होते. डॉबर यांनी लोकांकडून पैसे उभे केले, बॉस्टन विद्यापीठ पाठीशी उभे राहिले आणि १९७१मध्ये दुसरी पिढी सुरू झाली. तीन वर्षांचा प्रकल्प, मग मुदतवाढीचा अर्ज, मग सहा महिने पगार बंद, मग गावात फिरणारी माहितगार ताई दुसरी नोकरी धरणार, असे झाले की यादी तिथेच तुटते. गावातल्या घरांची दारे त्या ताईच्या ओळखीवर उघडतात. राज्य सरकारने एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या अर्थसंकल्पात या कामाला वीस वर्षांचे स्वतंत्र लेखाशीर्ष द्यावे आणि क्षेत्रसेविकांची पदे कायम ठेवावीत.

ते होईपर्यंत शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना, रोटरी-लायन्सच्या शाखांना आणि ग्रामपंचायतींना एवढी विनंती. यंदाची वही फेकू नका. तिच्यात नाव, वय, घर, दोन फोन, कोणता दंड, कोणता पट्टा, तिन्ही आकडे, जेवणानंतर किती तासांनी रक्त घेतले, तंबाखूचा प्रकार, एवढे रकाने घाला. एक प्रत त्या माणसाला द्या आणि तिच्यावर पुढच्या तपासणीची तारीख लिहा. पुढच्या सप्टेंबरात नवी रांग लावण्याआधी आशाताईंना घेऊन जुन्या वहीतल्या घरी जा. जो भेटणार नाही त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून थांबू नका. स्थलांतर, नकार की मृत्यू, हे शेजारी विचारून लिहा.

आपले,
सामाजिक व प्रतिबंधात्मक वैद्यकशास्त्रात काम करणारे काही वाचक
पुणे